खुब्याचे रिसरफेसिंग की पूर्ण बदल? रक्तातल्या कोबाल्टकडे पाहून ठरवा

रिसरफेसिंगमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा कापत नाहीत. तो तासून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि समोरच्या खोबणीत धातूची वाटी. हाड वाचते, सांधा सहसा निखळत नाही, धावण्याखेळण्याची मुभा जास्त मिळते. टेनिसपटू अँडी मरेने जानेवारी २०१९ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याच वर्षी अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकली. तरुण रुग्णाला मोह होणारच.

पण इथे कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूवर कोबाल्ट-क्रोमियमच घासते. त्यातून सुटलेले आयन (धातूचे विद्युतभारित सूक्ष्म कण) रक्तात उतरतात आणि मूत्रावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड अधू असेल तर ते साचतात. अशा रुग्णाने हा पर्याय सोडूनच द्यावा.

पूर्ण बदलात हाडाचा गोळा कापून टाकतात आणि मांडीच्या हाडात रोवलेल्या दांड्यावर नवा गोळा बसवतात. त्यात सिरॅमिकचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी घेतली, तर रक्तातले धातू जवळपास पूर्वीइतकेच राहतात. गोळा धातूचा असेल तर मात्र तो दांड्यावर बसतो त्या जोडाशी गंज धरून कोबाल्ट सुटू शकतो. तेव्हा गोळा कशाचा आहे, हे आधीच विचारून घ्या.

आता आकडे. शरीरात रोपण नसलेल्या माणसाच्या रक्तात कोबाल्ट सहसा लिटरला १ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. रिसरफेसिंगनंतर पहिल्या वर्षभरात ते चढते, मग बहुधा स्थिरावते. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१० मध्ये ७ मायक्रोग्रॅमची रेषा आखली. त्यापुढे गेल्यास कसून तपासणी करतात. पण आकडा कमी म्हणजे सांधा ठीकच, असे नाही. दुखत असेल, सूज असेल तर धातूभोवतीचे दृश्य स्पष्ट दाखवणारे खास एमआरआय करून घ्यावे, कारण आजूबाजूचे स्नायू गुपचूप खराब होऊ शकतात.

आयन किती सुटतील हे बरेचसे वाटीच्या कोनावर आणि गोळ्याच्या आकारावर ठरते. वाटी फार उभी बसली तर कडेवर घर्षण वाढते. लहान गोळ्याला ती चूक अजिबात सोसत नाही, आणि बायकांचे गोळे बहुधा लहान असतात. बर्मिंगहॅम या रिसरफेसिंगच्या रोपणाच्या उत्पादकाने २०१५ मध्ये स्त्रियांसाठी आणि ४६ मिलिमीटर व त्याहून लहान गोळ्यांसाठी ते वापरू नये असे जाहीर केले. डेप्यू कंपनीचे एएसआर हे धातूवर धातूचे खुब्याचे रोपण तर २०१० मध्येच जगभरातून परत मागवले गेले. भारतातही असंख्य रुग्णांनी त्याचा त्रास भोगला.

माझ्या मते धातूचे रिसरफेसिंग मोठा गोळा, मजबूत हाड आणि निरोगी मूत्रपिंड असलेल्या तरुण पुरुषापुरतेच ठेवावे. त्यानेही हे काम सतत करणारा सर्जन गाठावा आणि रक्ततपासणी चुकवू नये. मूल हवे असलेल्या स्त्रीने, आयन वारेतून गर्भापर्यंत पोचतात म्हणून, सिरॅमिक-पॉलिथिलीनच घ्यावे.