ट्रॅकवरच्या जुन्या गाडीला चार सिलिंडर की सहा?

ही तुलना डॅटसन या जपानी गाड्यांच्या एल मालिकेतील इंजिनांइतकी स्वच्छ दुसरीकडे क्वचितच करता येते. कारण ५१० या गाडीतील १५९५ सीसीचे चार सिलिंडरी एल१६ आणि २४०झेड या गाडीतील २३९३ सीसीचे सहा सिलिंडरी एल२४ या दोहोंचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिमी व स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ७३.७ मिमी असा एकच आहे; फरक उरतो तो सिलिंडरच्या संख्येचा.

सहा सिलिंडरचे इंजिन चालवायला निःसंशय सुखद असते. क्रँकच्या (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दर १२० अंशांना स्फोट होतो आणि पिस्टनच्या हालचालींतून उपजणारी बले एकमेकांना रद्द करतात. चार सिलिंडरमध्ये मात्र क्रँकच्या फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारतेचा थरथराट उरतोच. तथापि सहा सिलिंडरची लांब क्रँक वरच्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) पिळवटते, म्हणून तिच्या टोकाचा डॅम्पर (ही पिळवटणूक शोषणारी रबरी जोडाची चकती) धड असणे अत्यावश्यक ठरते. जुन्या डॅम्परच्या रबराला भेगा पडल्या असतील, तर खर्चाकडे न पाहता तो बदलावा.

कोल्हापुरात उद्यमनगरात बोअरिंग, होनिंग (सिलिंडर कोरून-घासून नीट करणे) आणि क्रँक ग्राइंडिंग करणारे कसबी हात आहेत. परंतु काम सिलिंडरच्या हिशेबाने वाढते, पिस्टन बाहेरून मागवावे लागतात आणि सहा सिलिंडरला सुटे भाग दीडपट लागतात. शिवाय वळणावळणांच्या छोट्या ट्रॅकवर पुढच्या चाकांवरचे कमी वजन जास्त उपयोगी पडते, त्यामुळे माझे मत चार सिलिंडरकडेच झुकते. (१९७१ आणि १९७२ मध्ये अमेरिकेतील ट्रान्स-अॅम या मोटार शर्यत मालिकेची अडीच लिटर गटाची स्पर्धा ५१० नेच जिंकली होती.) गाडी मुख्यतः चेन्नईच्या ट्रॅकच्या लांब सरळ पट्ट्यांवर पळवायची असेल, तर मात्र एल२४ चा खर्च वसूल होतो.