निकॉन २००-५०० मिमी एफ/५.६ : नाथसागरावर पारखलेली टेलिफोटो झूम

टेलिफोटो झूम, म्हणजे दूरचे जवळ आणून दाखवणारी लेन्स, घेताना बहुतेकांची नजर मिलिमीटरच्या (फोकल लांबीच्या) मोठ्या आकड्यावर जाते. झूम पूर्ण ताणलेला आणि अपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) पूर्ण उघडे असताना लेन्स कसे चित्र देते, हे विचारायचे मात्र राहून जाते. आणि पक्ष्यांचे फोटो काढणारा माणूस बहुतांश वेळ नेमका याच टोकावर काम करत असतो. मधल्या टप्प्यात शार्प (रेखीव) आणि टोकाला मऊ (पुसट) अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी महागच पडते. निकॉनची २०१५ साली आलेली एएफ-एस २००-५०० मिमी एफ/५.६ ही लेन्स मी जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, म्हणजे नाथसागरावर, आणि मराठवाड्यातल्या माळरानांवर भरपूर वापरली आहे. तिची पारख मी याच कसोटीवर करतो, आणि या कसोटीला ती उतरते.

तिचे कमाल अपर्चर २०० पासून ५०० मिमीपर्यंत एफ/५.६ वरच स्थिर राहते; एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. ५०० ला ५.६ ने भागले की साधारण ८९ येतात, म्हणजे प्रकाश आत यायला सुमारे ८९ मिमी रुंदीची वाट लागते. पुढची काच एवढी मोठी, फिल्टरचा व्यास ९५ मिमी आणि ट्रायपॉड कॉलरसह वजन सुमारे २.३ किलो, हे सारे त्या भागाकारातून येते. ५०० मिमी एफ/४ प्राइमसाठी (झूम नसलेल्या लेन्ससाठी) हीच वाट १२५ मिमी रुंद लागते आणि किंमत कित्येक लाखांवर जाते. उलट ७०-३०० मिमीच्या हौशी झूमला टोकाशी पन्नास-पंचावन्न मिमी पुरतात, म्हणून ती हलकी आणि स्वस्त असते. टेलिफोटोमध्ये आपण पैसे मोजतो ते प्रामुख्याने या रुंदीचे. त्यामुळे दोन लेन्सच्या किमतींची तुलना करण्यापूर्वी हा भागाकार कागदावर करून पाहावा, असा माझा आग्रह आहे.

गुणवत्ता जोखायला नाथसागरावर हिवाळ्यात येणारा पट्टकादंब हा पक्षी फार उपयोगी पडतो. त्याच्या पांढऱ्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे असतात. साध्या ७०-३०० झूमने ३०० मिमीवर, पूर्ण उघड्या अपर्चरला काढलेला फोटो क्रॉप करून मोठा केला की काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर करडा धूसरपणा दिसतो आणि कडेला अनेकदा जांभळी किनार उमटते. २००-५०० ने ५०० मिमी, एफ/५.६ वर काढलेल्या फोटोत तीच सीमा स्वच्छ कापलेली दिसते, आणि पट्ट्याच्या टोकाशी पिसांचे बारीक तंतूही सुटे दिसतात. एफ/८ ला, म्हणजे अपर्चर थोडे लहान केल्यावर, आणखी थोडी धार येते. पण उजाडताना प्रकाश कमी असतो तेव्हा एफ/८ ची गरज भासत नाही, हीच या लेन्सची खरी कमाई आहे. सुमारे २.२ मीटरपर्यंत ती जवळ फोकस होते, म्हणून काठावरच्या गवतावर बसलेला चतुरही तिने उत्तम टिपता येतो.

मराठवाड्यात मात्र कोणत्याही लेन्सच्या गुणवत्तेला हवेची मर्यादा पडते आणि परीक्षणांत याचा उल्लेख क्वचितच सापडतो. धरणाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवरून दूरचे रोहित (फ्लेमिंगो) टिपायचे म्हटले, तर ऊन चढताच जमिनीलगतची हवा थरथरू लागते. मग पायांच्या रेषा वाकड्या येतात आणि डोळ्यांवरचा फोकस बरोबर असूनही फोटो मऊ दिसतो. कित्येक जण अशा वेळी लेन्सला दोष देतात, सर्व्हिस सेंटरला पाठवतात किंवा ६०० मिमीची दुसरी लेन्स शोधू लागतात. मिलिमीटर वाढवून हा दोष जात नाही, उलट थरथरही मोठी होऊन दिसते. उपाय दोनच : सूर्योदयानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत काम उरकणे आणि पक्ष्याला न बिचकवता अंतर कमी करणे. लेन्सची चाचणीदेखील सकाळीच आणि जवळच्या लक्ष्यावर घ्यावी, एरवी निष्कर्ष हमखास चुकतो.

हाताळणीत उणिवा आहेत आणि त्या दुर्लक्ष करण्याजोग्या नाहीत. झूमची रिंग फार लांब फिरते. २०० वरून ५०० वर एका झटक्यात जाता येत नाही, हात बदलावा लागतो आणि तेवढ्यात घार निघून गेलेली असते. ऑटोफोकस बिनआवाज आणि भरवशाचा आहे, पण वेगवान नाही : बदके, बगळे, काळवीट यांना तो पुरेसा आहे, पाण्यावर गिरक्या घेणाऱ्या नदी सुरय पक्ष्याला अपुरा पडतो. फोकसची मर्यादा सहा मीटरच्या पुढे ठेवणारा स्विच चालू केल्यास बराच फरक पडतो. व्हीआर (हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा) अतिशय चांगला आहे, निकॉन ४.५ स्टॉपचा दावा करते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). हात स्थिर असेल तर बसलेला पक्षी आश्चर्य वाटावे इतक्या कमी शटर स्पीडला टिपता येतो, मात्र पक्ष्याची स्वतःची हालचाल व्हीआर थांबवत नाही, हे नवशिक्यांनी ध्यानात ठेवावे. झूम करताना नळी बाहेर येते आणि आपल्याकडच्या उन्हाळी धुळीत ती तशीच आत ढकलणे म्हणजे धूळ आत ओढून घेणे; आधी मऊ ब्रशने झटकावी, मगच आत घ्यावी.

सिग्माची १५०-६०० मिमी कंटेम्पररी ही तिची सरळ प्रतिस्पर्धी आहे. वजन सुमारे १.९ किलो, म्हणजे दिवसभर गळ्यात वागवायला निश्चितच सोयीची, आणि यूएसबी डॉकने (लेन्स संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाने) घरच्या घरी फोकसचे समायोजन करता येते. ५०० मिमीला ती एफ/६.३ वर आलेली असते. हा फरक एक तृतीयांश स्टॉपचाच, म्हणजे आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ८०० ऐवजी १००० इतका. ६०० मिमीला पक्षी २० टक्के मोठा दिसतो खरा, पण माझ्या मते पूर्ण उघड्या अपर्चरला निकॉनची धार अधिक विश्वासार्ह आहे. कॅननची बॉडी (कॅमेरा) असणाऱ्यांपुढे अर्थातच हा प्रश्न येत नाही. त्यांनी सिग्मा किंवा टॅमरॉनच्या १५०-६०० चा विचार करावा.

२०२३ साली निकॉनची मिररलेस (आरसा नसलेल्या) झेड कॅमेऱ्यांसाठीची झेड १८०-६०० आल्यापासून ही जुनी लेन्स सेकंडहँड बाजारात बरीच दिसू लागली आहे, आणि आज तिचे खरे मोल तिथेच आहे. एफटीझेड अडॅप्टर (जुनी लेन्स झेड बॉडीला जोडणारा जोड) लावला की ती झेड बॉडीवर ऑटोफोकस आणि व्हीआरसह चालते. डीएसएलआरवर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) लावणार असाल तर मात्र बॉडी तपासा, कारण तिचे अपर्चर विजेवर चालते आणि डी९०, डी८० किंवा डी३००० सारख्या जुन्या बॉडींवर ते बदलत नाही.

सेकंडहँड लेन्स हातात घेतल्यावर मागच्या बाजूने टॉर्च टाकून आतली काच पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, आणि किंमत कितीही खाली आली तरी तो सौदा करू नये. फिल्टरच्या आट्यांजवळ पोचा असेल तर लेन्स पडलेली आहे असे समजावे. त्यानंतर वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सपाट चिकटवून ५०० मिमी, एफ/५.६ वर ट्रायपॉडवरून फोटो काढावा आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. डावीकडची अक्षरे स्पष्ट आणि उजवीकडची पुसट असतील, तर आतली काच जागेवरून सरकलेली असण्याची शक्यता आहे. स्वस्त यूव्ही फिल्टर लावून दिला असेल तर ही चाचणी तो काढूनच करावी, कारण ५०० मिमीला हलक्या दर्जाची एक काचही चित्र बिघडवते. विक्रेता अशी चाचणी घेऊ देत नसेल, तर दुसरा विक्रेता शोधावा.