विल्कोचा 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट': काही महिने सतत ऐकल्यावर

या अल्बमची कहाणी गाण्यांच्या आधी कानावर येते. २००१ मध्ये रिप्राइज या रेकॉर्ड कंपनीने तयार अल्बम नाकारला, शिकागोच्या विल्को या रॉक बँडने तो हक्कांसकट सोडवून घेतला आणि सप्टेंबरमध्ये स्वतःच्या वेबसाइटवर फुकट ऐकायला ठेवला. एप्रिल २००२ मध्ये तो नॉनसच या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने काढला. गंमत म्हणजे दोन्ही लेबलं वॉर्नर या एकाच कंपनीच्या घरातली! अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीत तेरावा क्रमांक, पिचफोर्क या संगीतविषयक वेबसाइटचे दहापैकी दहा, विलेज व्हॉइस साप्ताहिकाच्या समीक्षकांच्या मतदानात वर्षातला पहिला. एवढं डोक्यात घेऊन ऐकायला बसलं की सगळंच थोर वाटतं. म्हणून नव्याची नवलाई ओसरू दिली आणि मगच लिहायला घेतलं.

टिकलं काय? सगळ्यात आधी ग्लेन कोचीचा ड्रम. पहिलं गाणं जवळजवळ सात मिनिटांचं. त्यात घंट्या, खरखर, पियानोचे तुकडे येतात-जातात आणि बँडचा गायक जेफ ट्विडी आपल्याच तंद्रीत गात राहतो. सुरुवातीला हा पसारा वाटतो. सवय झाली की खालची साधी चाल दिसते, कुणीही नुसत्या गिटारवर म्हणावी अशी. थरांवर थर चढवण्यात बँडमधल्याच जे बेनेट या वादकाचा मोठा हात, आणि मिक्सिंगला बसलेल्या जिम ओ'रुर्कने त्यातलं बरंच काढून टाकलं. बेनेट आणि ट्विडीची मिक्सिंगवरून झालेली खडाजंगी या अल्बमवरच्या माहितीपटात दिसते. अल्बम पुरा झाल्यावर बेनेटला बँड सोडावा लागला. मला तरी दोघांचीही बाजू पटते.

'जीझस, एटसेट्रा' हे गाणं अजून एकदाही वगळलेलं नाही. त्यातला हलणाऱ्या इमारतींचा उल्लेख ९/११च्या आधीचा, पण कव्हरवर शिकागोच्या मरीना सिटीचे जोड मनोरे असल्यामुळे २००२ च्या श्रोत्यांना त्यात भलतंच काही ऐकू आलं असणार. 'पुअर प्लेसेस'च्या शेवटी एक बाई अल्बमचं नाव पुन्हा पुन्हा उच्चारते. तो आवाज शॉर्टवेव्ह रेडिओवरच्या गूढ सांकेतिक प्रसारणाचा. तो वापरल्याबद्दल खटलाही झाला आणि तडजोडीने मिटला. गोंगाट वाढत जाऊन त्यातून ती बाई वर येते तेव्हा अजूनही अंगावर काटा येतो.

'रेडिओ क्युअर' मात्र मला आजही रेंगाळलेलं वाटतं. 'पॉट केटल ब्लॅक' बरं आहे, बस. माझ्याकडून साडेआठ. उरलेला दीड कहाणीला मिळाला असावा.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, अर्धा अल्बम गायब होतो. साधे वायरवाले इअरफोन पुरतात. गाडीत रस्त्याच्या घरघरीत 'रिझर्वेशन्स' या शेवटच्या गाण्याची अखेरची मिनिटं बुडून जातात. तिथे गाणं संपून नुसता स्वर तरंगत राहतो, ते रात्री घरीच ऐकण्यासारखं. एलपी दोन तबकड्यांची, म्हणजे ५२ मिनिटांत बाजू बदलायला तीनदा उठायचं. मी सीडीवर खूश आहे.

२०२२ मध्ये वीस वर्षांनिमित्त मोठा संच निघाला, त्याला पुढे ग्रॅमीही मिळालं. त्यातले आधीचे खर्डे ऐकले की एकेक गाणं किती वेळा मोडून बांधलंय ते कळतं. पण तो संच अल्बम पाठ झाल्यावरच घ्या. पहिलंच गाणं जड गेलं तर सरळ सातव्यावर जा: 'हेवी मेटल ड्रमर', तीन-सव्वातीन मिनिटांचं, अगदी हलकंफुलकं.