मुका सिंथ

दिवाळीच्या बोनसमधून घरी सिंथ, म्हणजे स्वतः आवाज तयार करणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य, घ्यायचा, एवढं पक्कं होतं. कॉर्ग कंपनीचा मिनीलॉग डोक्यात होता, पण नवा घेण्याची ऐपत नव्हती. मग रात्री मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळायचो. त्यात हा सापडला : 'सिंथेसायझर, २५ पट्ट्या, एकदम नव्यासारखा, १४,०००.' सोबत व्हिडिओ. माणूस एक पट्टी दाबतो आणि खोली भरून टाकणारा आवाज घुमतो. त्या आवाजावरच मी गेलो.

घासाघीस करून १२,५००. कल्याणला जाऊन रोख दिले, बिल नाही. वाजवून दाखवा म्हटलं तर, "स्पीकर दुरुस्तीला गेलेत सर." दिवे लागतात हे त्याने दाखवलं, तेवढ्यावर मी खूश.

घरी फोनच्या चार्जरला जोडला. पॅड लाल झाले. मागे मोठ्या पिनचं एकच भोक, त्यात हेडफोन खुपसला. शांतता. तासभर सगळी बटणं पिरगाळल्यावर त्या भोकावरची बारीक अक्षरं वाचली : 'सस्टेन'. ते पायाच्या पेडलचं होतं!

फोन केला तर म्हणाला, "त्याला ऑडिओ इंटरफेस लागतो सर. माझ्याकडे आहे, ४,५०० ला देतो." आणि मी तोही आणला. खरा राग मला या दुसऱ्या फेरीचा येतो.

ऑर्केस्ट्रात वाजवणारा आतेभाऊ आला, त्याने यंत्र उलटंपालटं केलं आणि हसत सुटला. "अरे, भाता नसलेली पेटी आणलीस की!" तो होता मिडी कंट्रोलर. कुठली पट्टी, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढाच निरोप तो कॉम्प्युटरला देतो. मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना आणि कॉम्प्युटरला निरोप द्यायची भाषा, तिचं काम १९८३ पासून हेच. आवाज बनतो कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये. यूएसबीची वायर थेट कॉम्प्युटरलाच लागते, त्यामुळे इंटरफेसचीही गरज नव्हती. तो माइक किंवा गिटार रेकॉर्ड करायला हवा असतो. तसाच कंट्रोलर दुकानात नवाकोरा, बिलासकट, नऊ हजारांच्या आसपास होता.

आपल्याकडे पट्ट्या असलेलं काहीही 'कॅसिओ'. या गोंधळावरच असल्या लोकांचं फावतं.

सोबत 'फुकट' सॉफ्टवेअरचा पेन ड्राइव्हही मिळाला होता. सगळा चोरीचा माल, वर अँटिव्हायरस बंद करायची सूचना. तो भावाने लावूच दिला नाही. कंट्रोलरसोबत मूळ मिळणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्याने आधीच स्वतःच्या नावावर नोंदवून टाकलेलं. सर्ज एक्सटी हा कॉम्प्युटरवरचा सॉफ्टवेअर सिंथ अधिकृतपणे फुकट मिळतो, व्हायटल या तशाच सिंथचीही एक आवृत्ती फुकट आहे. सध्या मी त्यांवरच शिकतोय.

जुना सिंथ घेणार असाल तर आधी मागच्या बाजूचा फोटो मागा. 'आउटपुट' किंवा 'फोन्स' लिहिलेलं भोक नसेल तर बहुधा तो मुकाच. समोर लॅपटॉपची वायर काढायला लावा, आपला हेडफोन लावा, मग वाजवा. अ‍ॅडाप्टरही मूळचाच मागा. कॉर्गच्या व्होल्का या छोट्या सिंथला ९ व्होल्टचा, मधली पिन धन असलेला लागतो. गिटार पेडलचा ९ व्होल्टचा बहुतेक वेळा नेमका उलटा असतो.

पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, "मी खोटं काय बोललो सर? व्हिडिओत वाजत होता ना?" मग नंबर ब्लॉक.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. तोच व्हिडिओ, तोच घुमणारा आवाज. या वेळी थांबवून पाहिला : टेबलाच्या डाव्या कडेला लॅपटॉपच्या चार्जरची वायर स्पष्ट दिसते.