सिम हॉकी लीगमध्ये पहिल्या राऊंडच्या जोड्या ओळखणारं शीट: जवळपास अख्खा सीझन वापरल्यानंतर

आधी थोडं बॅकग्राऊंड. आम्ही मुंबई-ठाण्याचे काही जण, पुण्याचे दोघं-तिघं आणि बाहेर सेटल झालेले काही मित्र मिळून आइस हॉकीची ऑनलाइन सिम लीग चालवतो. पीसीवरचा मॅनेजर गेम, त्यात एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची मुख्य लीग) ३२ टीम, प्रत्येकाकडे एकेक आणि उरलेल्या कॉम्प्युटरकडे. रात्री जेवणं आटोपली की कमिशनर पुढच्या काही दिवसांच्या मॅचेस एकदम पळवतो आणि नवी लीग फाईल टाकतो, मग ग्रुपवर बारा-साडेबारापर्यंत कल्ला. रेग्युलर सीझनचे तीन आठवडे राहिले की आमची एक स्पर्धा असते, प्लेऑफच्या पहिल्या राऊंडच्या आठही जोड्या आधीच सांगायच्या. कोण जिंकणार तो विषय नंतरचा, आधी कोण कोणाशी भिडणार ते सांगा. त्यासाठी ग्रुपमधल्या एका डोंबिवलीकराने, जो डेटाचंच काम करतो, एक स्प्रेडशीट बनवलं आणि सीझनच्या सुरुवातीपासून मी ते रोज वापरतोय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. शीट भारी आहे, वापराच. पण ते टीमची ताकद मोजतं म्हणून भारी नाही, ते जागा मोजतं म्हणून भारी आहे. ताकदीचा अंदाज आमच्यापैकी कोणीही डोळ्याने लावू शकतो, सीझनभर टेबल बघून बघून तो पाठच होतो. जोड्या चुकतात त्या जागांमुळे.

एनएचएलचा फॉरमॅट २०१३-१४ पासून असा आहे की ईस्ट आणि वेस्ट अशा दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत दोन डिव्हिजन, त्या चार डिव्हिजनमधल्या पहिल्या तीन-तीन टीम आत, आणि प्रत्येक कॉन्फरन्समध्ये उरलेल्यांतून दोन वाइल्ड कार्ड. डिव्हिजनमधली दुसरी आणि तिसरी आपसात खेळतात. दोन डिव्हिजन विनरपैकी ज्याचे पॉइंट जास्त त्याला खालची वाइल्ड कार्ड मिळते, दुसऱ्याला वरची. इथेच लोक गंडतात, कारण त्यांना वाटतं वाइल्ड कार्ड टीम आपल्याच डिव्हिजनच्या विनरशी खेळणार. तसं काही नाही. २०२५ च्या खऱ्या प्लेऑफमध्ये वेस्टमधून सेंट्रलच्या पाच टीम आल्या आणि पॅसिफिकच्या तीनच, मग मिनेसोटा सेंट्रलची असून पॅसिफिकच्या वेगासशी खेळली आणि सेंट लुईस विनिपेगशी. आमचा गेम पण हाच फॉरमॅट चालवतो, त्यामुळे ईस्ट-वेस्ट दोन्हीकडे वाइल्ड कार्डची उलथापालथ झाली की चार-चार जोड्यांचं गणित फिरतं.

ह्याच फॉरमॅटमुळे त्याच त्याच जोड्या परत पण येतात हे खरं, एडमंटन आणि लॉस एंजेलिस २०२२ पासून २०२५ पर्यंत सलग चार वर्षं पहिल्याच राऊंडला भिडले आणि चारही वेळा एडमंटन जिंकलं. म्हणून काही जण दुसरी-तिसरीची जोडी डोळे झाकून लिहितात. डिव्हिजनमध्ये वरच्या तीन आणि चौथीमध्ये मोठी गॅप असेल तर ते चालतं, नसेल तर अजिबात नाही.

आता जे प्रत्यक्ष बघितलं ते सांगतो. माझी टीम वॅनकुव्हर. जोड्या लॉक करायच्या आदल्या रात्री पॅसिफिकमध्ये वेगास पहिली, एडमंटन दुसरी, मी तिसरा, आणि सिअॅटल माझ्या एका पॉइंटने मागे पण एक मॅच हातात ठेवून. सेंट्रलमध्ये कोलोराडो पहिली आणि अख्ख्या वेस्टमध्ये टॉप. नॅशविल पहिली वाइल्ड कार्ड, सिअॅटल दुसरी. टेबल बघून कोणीही लिहील की एडमंटन-वॅनकुव्हर, वेगास-नॅशविल, कोलोराडो-सिअॅटल. शीटमध्ये मी प्लेऑफला जाणार ह्याची शक्यता नव्वदीच्या पुढे होती, पण एडमंटन-वॅनकुव्हर ह्या जोडीची जेमतेम चाळीस. म्हणजे टीम जवळजवळ पक्की आणि जोडी अजिबात पक्की नाही. मग मी काय केलं, माझी आणि सिअॅटलची एक मॅच बाकी होती त्या सेलमध्ये सिअॅटल जिंकली असं टाकलं. एका सेलने वेस्टच्या तीन जोड्या पलटल्या. सिअॅटल तिसरी झाली म्हणून एडमंटनशी सिअॅटल, मी वाइल्ड कार्डमध्ये घसरलो पण नॅशविलपेक्षा पॉइंट जास्त म्हणून वरची वाइल्ड कार्ड मी आणि समोर वेगास, नॅशविल खालची झाली आणि गेली कोलोराडोकडे. सेंट्रलची दुसरी-तिसरी तेवढी जागेवर राहिली. नॅशविलने तर त्या मॅचमध्ये काठी पण उचलली नव्हती. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की टेबल वाचायची सवयच बदलते, पुढे तीन आठवडे मी स्वतःच्या मॅचपेक्षा एकमेकांशी बाकी असलेल्या मॅचेसची लिस्ट आधी उघडायचो.

शीटचा सगळ्यात मोठा गुण ह्यातूनच येतो. ते प्रत्येक जागेची वेगळी शक्यता दाखवतंच, पण अख्ख्या जोडीची पण दाखवतं, आणि ह्या दोन गोष्टी एक नाहीत. प्रत्येक जागेसमोर सगळ्यात वरचं नाव उचलून बघा, आमच्याकडे नॅशविल दोन्ही वाइल्ड कार्डच्या जागी टॉपला होती. एकच टीम दोन जागी कशी बसणार? तसं ब्रॅकेट, म्हणजे जोड्यांचा तक्ता, होऊच शकत नाही. एक टीम वर गेली की दुसरी खाली जाणार हे बांधलेलंच आहे, त्यामुळे उरलेला सीझन अख्खाच्या अख्खा हजारो वेळा पळवून प्रत्येक वेळी कोणत्या जोड्या पडल्या ते मोजायला लागतं, दुसरा मार्ग नाही. हे शीट नेमकं तेच करतं. आधी ते १००० वेळा पळवायचं तेव्हा पस्तीस टक्क्यांचा आकडा दर वेळी दीड-दोन टक्के इकडे तिकडे हलायचा, नंतर मित्राने ते १०,००० केलं आणि हलणं अर्ध्या टक्क्यावर आलं. दोन जोड्या जवळजवळ असतील तेव्हा हा फरक खूप कामाचा आहे.

आतलं गणित साधं आहे. टीमची ताकद गोल किती केले आणि किती खाल्ले ह्यावरून काढलीय, पॉइंटवरून नाही, आणि मला हे पटतं कारण हॉकीत पॉइंट थोडे फसवे असतात. जिंकलं की २, ओव्हरटाइम किंवा शूटआऊटमध्ये हरलं तरी १, म्हणजे काही मॅचमध्ये २ पॉइंट वाटले जातात आणि काहींत ३. साधारण पाचातली एक मॅच साठ मिनिटांच्या पुढे जाते, तेव्हा हा एक्स्ट्रा पॉइंट सीझनभरात बराच साचतो. दोन टीमची ताकद एकमेकांसमोर ठेवायला बिल जेम्सचा लॉग-फाइव्ह फॉर्म्युला वापरलाय, तो मूळचा बेसबॉलचा, पण इथे पण चालतो. वर घरच्या मैदानाचा थोडा फायदा. बस, ह्यापेक्षा जास्त काही नाही आणि लागत पण नाही.

टायब्रेकर मात्र नीट लावलेत, आणि ह्यावर मी मुद्दाम थांबतोय. पॉइंट सारखे झाले की सध्याच्या नियमात आधी रेग्युलेशन विन बघतात, म्हणजे साठ मिनिटांत जिंकलेल्या मॅचेस. गोलफरक खूप खाली येतो. आपल्याकडे आयपीएलमुळे सगळ्यांच्या डोक्यात नेट रनरेट बसलाय, २०१४ ला वानखेडेवर राजस्थानविरुद्ध १४.३ ओव्हरला स्कोअर बरोबरीत आला आणि पुढच्या बॉलला आदित्य तरेने सिक्स मारून मुंबईला आत नेलं ते कोण विसरेल. म्हणून आमच्यातले अर्धे लोक आपोआप गोलफरकाचा कॉलम बघतात. तो बघू नका. २०२४ ला वॉशिंग्टन आणि डेट्रॉइट दोघांचे ९१ पॉइंट, वॉशिंग्टनचा गोलफरक उणे ३७, तरी आत गेलं वॉशिंग्टन, कारण रेग्युलेशन विन जास्त. २०२५ ला सेंट लुईस आणि कॅल्गरी दोघांचे ९६, कॅल्गरी बाहेर. त्याच वर्षी ईस्टमधून माँट्रियल ९१ वर आत गेलं. कॅल्गरी त्या सीझनला १४ मॅचेस ओव्हरटाइम-शूटआऊटमध्ये हरली होती, एकेक पॉइंट जमवत ९६ पर्यंत आली आणि बरोबरीच्या वेळी ते सगळं कामाचं राहिलं नाही. मला मनापासून वाटतं की जोड्या ओळखणाऱ्याने पॉइंटच्या शेजारी रेग्युलेशन विनचा कॉलम ठेवलाच पाहिजे. शीटमध्ये तो पिवळ्या रंगात अगदी नावाला चिकटून आहे, ही छोटी गोष्ट पण फार विचार करून केलीय.

आता जिथे शीट कमी पडतं ते. एक म्हणजे गोलकीपर. शीटला टीम म्हणजे एक आकडा, त्याला कळत नाही की मेन गोलकीपर गुडघा धरून तीन आठवडे बाहेर बसलाय. मार्चमध्ये कॅरोलिनाच्या बाबतीत हेच झालं, गेममध्ये त्यांचा पहिला गोलकीपर जखमी, बॅकअप कच्चा, आणि शीट मात्र त्यांना मेट्रोपॉलिटनमध्ये आरामात दुसरी दाखवत राहिलं. लागोपाठच्या दोन रात्री मॅच असतील तर कॉम्प्युटर मॅनेजर दुसऱ्या रात्री बॅकअपला उतरवतो, ते पण शीटला माहीत नाही. ट्रेड डेडलाइनला (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख) कोणी दोन डिफेन्समन विकून टाकले तरी आधीच्या साठ मॅचेसचे गोल तसेच मोजले जातात. मी ह्यावर असा उपाय काढलाय की गोलफरक अख्ख्या सीझनचा न घेता डेडलाइननंतरचा जास्त वजनाने घ्यायचा, वजनाचा सेल उघडाच ठेवलाय त्यामुळे हे जमतं. पण फार वजन देऊ नका, दहा-बारा मॅचेसमध्ये नशिबाचा भाग मोठा असतो.

दुसरा मार्ग म्हणजे लीग फाईलची कॉपी करून गेममध्येच उरलेला सीझन परत परत पळवणं. गेमच्या इंजिनला जखमा, थकवा, गोलकीपर सगळं माहीत असतं, त्यामुळे कॅरोलिनासारख्या केसमध्ये ते शीटपेक्षा सरस. पण एकदा पळवायला माझ्या लॅपटॉपवर चांगला वेळ जातो, रात्रभर चालू ठेवलं तरी हजार काय शंभरच्या जवळपास पण जात नाही, आणि इतक्या थोड्या रनमधून जोडीची टक्केवारी काढणं बरोबर नाही. शिवाय आमच्या लीगमध्ये ट्रेड डेडलाइनच्या आधी असं पुढे पळवून बघायला बंदी आहे आणि ती बंदी योग्यच आहे, नाहीतर उद्या कोण जखमी होऊ शकतो ते बघून लोक आज ट्रेड करतील. मी दोन्ही एकत्र वापरतो, इंजिनच्या रनमधून टीमची सध्याची ताकद, आणि जागांचं गणित शीटमधून.

मोबाईलवरचा अनुभव ठीक. बोरिवलीहून चर्चगेटला जाताना एका हाताने वरचा हँडल धरून टेबल बघता येतं, मॅचेसच्या सेलमध्ये बदल करायला मात्र जमत नाही, १०,००० रन मोबाईलवर लटकतात. प्रत्येक बदलाला आकडे परत फिरायचे तो त्रास मित्राने फ्रीझचं बटण देऊन संपवला. गेममधून टेबल आणून पेस्ट करायला लागतं ते अजून हातानेच आहे, एखादी रो सरकली तर सगळं चुकतं, त्यामुळे पेस्ट केल्यावर खेळलेल्या मॅचेसची बेरीज जुळते का ते आधी बघा.

सीरिज कोण जिंकेल त्याचा पण एक टॅब आहे, तो मी फारसा मनावर घेत नाही. गणित बरोबर आहे, एका मॅचला ५५ टक्के असलेली टीम सातच्या सीरिजमध्ये साधारण ६१ टक्के होते आणि ६० वाली ७१. म्हणजे बरीच बरी टीम पण दहातल्या तीन वेळा घरी जाणार. टाम्पा बे २०१९ ला ६२ मॅचेस जिंकून आली आणि कोलंबसने चार शून्यने उडवली, बोस्टन २०२३ ला १३५ पॉइंटचा रेकॉर्ड करून आली आणि ९२ पॉइंटच्या फ्लोरिडाकडून सातव्या मॅचला हरली. त्यात प्लेऑफला रेग्युलर सीझनसारखा थ्री-ऑन-थ्री ओव्हरटाइम नाही, शूटआऊट नाही, पाच विरुद्ध पाच आणि वीस-वीस मिनिटांचा ओव्हरटाइम गोल होईपर्यंत, म्हणजे रेग्युलर सीझनला शूटआऊटवर पॉइंट जमवणाऱ्या टीमचा तो गुण इथे शून्य. तो टॅब हे धरत नाही. जोड्यांसाठी त्याची गरज नाही, पण पुढच्या स्पर्धेसाठी वापरणार असाल तर शूटआऊटचे विजय वजा करून ताकद काढा.

नव्याने लीगमध्ये येणाऱ्यांना सांगायचं तर पहिले दोन-तीन महिने शीट उघडलं नाही तरी चालेल, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सगळ्या जोड्या पाच-सात टक्क्यांत पसरलेल्या असतात, त्यात बघण्यासारखं काही नसतं. साठाव्या मॅचनंतर रोज उघडा. लॉक करायच्या दिवशी आधी प्रत्येक डिव्हिजनच्या तिसऱ्या-चौथ्यात किती अंतर आहे ते बघा, मग त्यांच्या आपसातल्या बाकी मॅचेस, मग रेग्युलेशन विन, आणि शेवटी जखमींची लिस्ट. कॉन्फरन्समध्ये टॉपला कोण राहणार तेही सोडू नका, कारण दोन डिव्हिजन विनर दोन-तीन पॉइंटमध्ये असतील तर दोन्ही वाइल्ड कार्ड जोड्या त्या एका गोष्टीवर अदलाबदल होतात आणि बहुतेक जण तिकडे बघतच नाहीत. पुढच्या सीझनच्या आधी गोलकीपरसाठी वेगळा कॉलम येतोय असं मित्र म्हणालाय, तो आला की मी परत वापरून इथेच लिहीन.