जवानांमधली जाडी मोजायची तर वजनकाटा की टेप?

समजा, दोघांचीही उंची १७० सेंटीमीटर. पहिला कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमधला पीटी (कवायत-व्यायाम) शिकवणारा उस्ताद: वजन ७५ किलो, पोटाचा घेर ८२. दुसरा तिथलाच दिवसभर खुर्चीत बसणारा क्लार्क: ६६ किलो, घेर ९४. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, काढला तर उस्तादाचा येतो जवळपास २६ आणि क्लार्कचा २२.८. म्हणजे वजनकाट्यानं दंड-मांड्या कमावलेल्याला जाड ठरवलं आणि सुटलेल्या पोटाला सोडून दिलं.

प्रबंधासाठी हा विषय घेतला असेल, तर हे दोघं डोळ्यांसमोर ठेवूनच साधन निवडा.

बीएमआयच्या बाजूनं बोलायचं तर काटा आणि उंचीची पट्टी कुठल्याही एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) असते, एका माणसाला दोन मिनिटं लागतात आणि आकडे इतर अभ्यासांशी ताडून बघता येतात. पण रेघ कुठे मारायची? जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या मापानं २५ पासून जादा वजन, ३० पासून लठ्ठपणा. भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी हे आकडे २३ आणि २५ वर आणले, कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त असते. आपला उस्ताद पहिल्या मापानं 'जादा वजन', दुसऱ्यानं थेट 'लठ्ठ'. प्रबंधात दोन्ही रेघांचे आकडे द्या, नाहीतर परीक्षक नेमकं तेच विचारतील.

टेपला ही अडचण कमी. पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८०. किंवा त्याहून सोपं, घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. उस्ताद ०.४८ वर सुटतो, क्लार्क ०.५५ वर सापडतो. खरी गोची मोजणाऱ्याची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर माप घ्यायचं असतं. आणि साहेब समोर असला की पोट आत जातंच!

अमेरिकी नौदलाच्या जुन्या पद्धतीत पुरुषांच्या पोटाच्या घेरातून मानेचा घेर वजा होतो. जाड मानेच्या गड्याची चांदी. त्यांच्या लष्करानं २०२३ मध्ये फक्त बेंबीपाशी एकच माप घ्यायला सुरुवात केली.

चरबीची टक्केवारी सांगणारं विजेचं मशीन दिसायला झकास, पण ते अंगातल्या पाण्यावर चालतं. पाणी कमी झालं की चरबी वाढलेली दाखवतं. मे महिन्यात, आपल्या नागपुरी उन्हात, पीटीनंतर मोजाल तर आकड्यांवर भरवसा ठेवता येणार नाही. वापरायचंच असेल तर सकाळी, उपाशीपोटी, पीटीच्या आधी. चिमट्यानं कातडीच्या घडीची जाडी मोजायला सरावलेला हात हवा. डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी मोजणारं स्कॅन, यात सगळ्यात अचूक, पण चारशे जवान स्कॅनला नेणार कोण? पन्नास जणांवर करून टेपचे आकडे पडताळले तरी पुष्कळ झालं.

उंची-वजन फोनवर विचारून घेण्याच्या मोहात मात्र पडू नका. उस्तादानं दोन सेंटीमीटर वाढवून आणि दोन किलो कमी करून सांगितलं, की बीएमआय २४.७, पहिल्या मापानं एकदम ठणठणीत. लो मेडिकल कॅटेगरीची, म्हणजे तब्येतीपायी खालच्या श्रेणीत टाकलं जाण्याची, धास्ती असलेला माणूस असं सांगणारच. म्हणून नावाऐवजी क्रमांक लिहा आणि कागद युनिटकडे जाणार नाही हे आधीच सांगा.

मोजता कोणाला, यानंही निकाल फिरतो. फक्त सकाळच्या पीटीला आलेले मोजले तर आकडा कमी येईल, कारण 'एक्स्क्यूज' (आजारपणाची सूट) घेतलेले आणि ऑफिसातले तिथे नसतातच. नॉमिनल रोलवरून (युनिटच्या नावांच्या यादीवरून) चिठ्ठ्या काढा आणि सुटीवर गेलेल्यांना परतल्यावर गाठा.

माझं मत विचाराल तर उंची, वजन आणि घेर, तिन्ही स्वतः मोजा. वेळ एकाच गोष्टीला असेल तर टेप. फक्त इतवारीच्या बाजारातून शिंप्याची कापडी टेप आणू नका, ती वापरून सैल पडते.