मेण-भुशाची वडी की जेलीचा कापूस?

शेकोटी किंवा शेगडी पेटवायला घरातल्या टाकाऊ वस्तूंतून काही करायचं, तर विचार करण्यासारखे दोनच प्रकार उरतात. एक, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये भुसा भरून वर मेण ओतलेली वडी. दुसरा, पेट्रोलियम जेली चोळलेला कापसाचा बोळा. पुठ्ठ्याच्या नळीत रद्दी कोंबलेली झटकन भडकते आणि जाडसर काटकी पेटायच्या आतच विझते, म्हणून ती बाजूलाच ठेवतो.

कापसाचं काम पाच मिनिटांचं. एका बोळ्याला अर्धा चमचा जेली बाहेरून चोळायची, एक टोक कोरडं ठेवायचं. पूर्ण माखलेला बोळा काडी धरूनही लवकर पेटत नाही, कारण ज्योत धरायला सुटे तंतूच राहत नाहीत. जुन्या उशीतला कापूस वापरणार असाल तर आधी चिमूटभर जाळून पाहा. वितळून कडक मणी झाला तर ते पॉलिएस्टर. ते घेऊ नका.

वडीला खटपट जास्त. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे डब्यात घालून तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा. मेण थेट आचेवर वितळवू नका. जास्त तापलं की धुरावतं आणि पेट घेतं. तशी वेळ आलीच तर गॅस बंद करून झाकण ठेवा, पाणी कधीही टाकू नका. बारा खणांना साधारण २०० ग्रॅम मेण लागतं. भुसा कोरडा हवा आणि सैल भरायचा, पाऊण खणापर्यंत. दाबून भरला तर मेण वरच थिजतं, आत कोरडा भुसा राहतो आणि वडी मोडताना सगळा सांडतो. प्लायवूड किंवा रंगवलेल्या लाकडाचा भुसा नको, विशेषतः त्या आगीवर स्वयंपाक होणार असेल तर. पुठ्ठ्याची कड मेणाबाहेर कोरडी ठेवा, वात तीच. नवशिक्यांची वडी पेटत नाही ती बहुतेक वेळा हीच कड मेणात बुडाल्यामुळे.

एवढी खटपट करूनही माझा कल वडीकडे झुकतो, आणि त्याचं कारण जळण्याचा वेळ नाही (तरी माझ्या अनुभवात बोळा चार-पाच मिनिटं जळतो आणि वडी दहा मिनिटं सहज). कारण आहे बोटं. बोळा पिंजून मोकळा केल्याशिवाय नीट पेटत नाही, आणि पिंजला की बोटं तेलकट होतात. त्याच बोटांनी आगपेटी धरली की घासायच्या पट्टीला जेली लागते, मग काडी नुसती घसरते. वारा सुटलाय, अंधार पडतोय, अशा वेळी हे फार त्रासाचं होतं. शिवाय उन्हात तापलेल्या पिशवीत जेली पातळ होऊन डबीबाहेर झिरपते. वडी कोरड्या हाताने मोडायची, काटक्यांखाली सरकवायची, कडेला काडी लावायची.

चकमकीच्या ठिणगीवर आग पेटवणाऱ्यांनी मात्र कापूसच घ्यावा, असं वाटतं. पिंजलेला कापूस ठिणगी लगेच धरतो. मेणाच्या वडीवर ती विझून जाते. आगपेटी किंवा लायटर वापरत असाल, तर मेण वितळवण्यात एक दुपार घालवा. फक्त उरलेलं मेण मोरीत ओतू नका, पाइपात थिजून बसतं. डब्यातच राहू द्या, पुढच्या वेळी तेच वितळवता येतं.